कॉलेजचे जुने वार्षिकांक: शोधण्यापासून नव्या अंकापर्यंत

माजी विद्यार्थी संघाच्या बैठकीत चहा-बिस्किटं संपत आली की कुणीतरी हमखास म्हणतं, "जुने अंक स्कॅन करून ठेवू या, आणि त्यातून एक मस्त स्मरणिका काढू." सगळे माना डोलावतात आणि काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं, बहुधा त्या दिवशी जो उशिरा आलेला असतो त्याच्या. आमच्या कॉलेजच्या हीरकमहोत्सवाच्या बैठकीला मी वीस मिनिटं उशिरा पोचलो होतो. पुढे आणखी दोन कॉलेजांतल्या मंडळींना हेच काम करताना हातभार लावला. नावं घेत नाही, कारण मधूनमधून थोडी कुरकुर येणार आहे.

ज्यांच्या गळ्यात हे काम आत्ताच पडलंय, त्यांना माझी पहिली चूक आधी सांगतो. जुना अंक हातात आला की आपण त्यातलं 'चांगलं' निवडायला लागतो. पुढे नाव काढलेल्या कुणाची तरी पहिली कविता, प्राचार्यांचं मनोगत, गॅदरिंगचे फोटो. अहवाल, निकालाचे तक्ते, बक्षिसांच्या याद्या, शेवटच्या जाहिराती ही सगळी भरताड म्हणून सोडून देतो. मी पहिल्या अकरा अंकांतली अशीच निवडक पानं स्कॅन केली. नंतर ते अकराही अंक पुन्हा बाहेर काढावे लागले, कारण लोकांनी जे जे विचारलं ते सगळं भरताडीतच होतं. एकाला वडील कबड्डीच्या संघात होते का ते बघायचं होतं. एका बाईंना पहिल्या तुकडीत मुली किती होत्या ते हवं होतं. अठराव्या वर्षी लिहिलेल्या कवितेत दर साली तोच पाऊस पडतो. जिमखान्याच्या अहवालात मात्र त्या वर्षी क्रिकेटची मॅट कुणाच्या बैलगाडीतून आली हेही सापडतं. तेव्हा अंक अख्खा घ्यायचा, मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलंय.

आधी वहीत तक्ता

कपाट उघडण्याआधी एक दोनशे पानी वही घ्या. कॉलेज सुरू झालं त्या वर्षापासून आजपर्यंत दर शैक्षणिक वर्षाला एक ओळ. वर्ष '१९६७-६८' असंच लिहा. नुसतं '१९६८' लिहिलंत की घोळ झालाच म्हणून समजा: अंक मार्चमध्ये निघायचा असतो, प्रत्यक्षात छापून येतो पुढच्या ऑगस्टमध्ये, आणि वर्ष कुठलं टाकायचं हे त्या त्या संपादकाच्या मर्जीवर. ओळीपुढे चार रकाने: अंक निघाला का, प्रत कुठे आहे, पानं पूर्ण आहेत का, स्कॅन झाला का.

काही ओळी रिकाम्या राहतील. लगेच 'अंक हरवला' असं लिहू नका. पैशाची ओढाताण असली की दोन वर्षांचा मिळून जोडअंक काढायची पद्धत सगळीकडे होती. दुसऱ्या महायुद्धात कागदाची टंचाई होती, त्यामुळे जुन्या कॉलेजांचे त्या काळातले अंक हडकुळे दिसले तर नवल नाही. २०२०-२१ चा अंक तर अनेक ठिकाणी छापलाच गेला नाही, फक्त पीडीएफ निघाली. आमच्याकडे १९६० च्या दशकातला प्रत्येक अंक मिळाला, पण ही पीडीएफ शोधायला सर्वात जास्त वेळ लागला. ती एका बदली झालेल्या प्राध्यापकांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये होती आणि तो लॅपटॉप त्यांच्या भाच्याकडे गेम खेळायला गेला होता.

नावावरून फसू नका. ब्रिटिश काळातल्या कॉलेजांचे अंक बहुतांशी इंग्रजी, मराठी असलंच तर शेपटाला. नावंही तशीच: पुण्याच्या फर्ग्युसनचं (स्थापना १८८५) सरळ 'मॅगझिन', कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचं (१८८०) 'राजारामियन'. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६० नंतर, तालुक्या-तालुक्यांत कॉलेजं निघाली तेव्हा अंकांना नदीचं, डोंगराचं, ग्रामदैवताचं किंवा संस्थापकांचं नाव मिळालं आणि आतली मराठी पानं पुढे सरकली. अंकाचं नाव मधेच बदललेलंही असतं. नवे प्राचार्य आले की नवं नाव, असा प्रकार मी एका कॉलेजात तीनदा पाहिला. तक्त्यात नावालाही एक रकाना ठेवा.

फक्त वार्षिकांकावर थांबू नका. वाङ्मय मंडळाची हस्तलिखितं, भित्तिपत्रकं, सायक्लोस्टाइल करून वाटलेली पत्रकं, रौप्यमहोत्सवी स्मरणिका, एखाद्या विभागाने काढलेला विशेषांक हेही याच घरातलं आहे. साठच्या दशकात तरुण पोरांनी काढलेली अनियतकालिकं पुष्कळदा कॉलेजच्या कट्ट्यावरच ठरली, पण कॉलेजच्या ग्रंथालयात ती नसतात. काही ठिकाणी तर वार्षिकांक आणि बाहेरचं नियतकालिक शेजारी ठेवूनच वाचावं लागतं. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला काढलेलं मिलिंद कॉलेज घ्या. तिथे शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांचं 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक कॉलेजचं मुखपत्र नव्हतं, पण त्या काळात तिथली मुलं काय वाचत-लिहीत होती हे नुसत्या वार्षिकांकावरून अर्धंच कळेल.

प्रती कुठे मिळतात

पहिला मुक्काम अर्थातच ग्रंथालय. ग्रंथपालांना 'जुने अंक आहेत का' असं विचारू नका; 'बाउंड व्हॉल्यूम कुठे आहेत आणि दाखल नोंदवही बघू का' असं विचारा. नोंदवहीत अंक कधी आला ते सापडतं, म्हणजे निदान तो निघाला होता एवढं तरी पक्कं होतं.

आता या बांधीव खंडांची गोम. बाइंडरकडे अंक गेले की तो मुखपृष्ठं फाडतो, जाहिरातींची पानं काढतो आणि कडा कापून सारख्या करतो. आमच्या १९६८ ते १९७४ च्या खंडात एकाही अंकाचं मुखपृष्ठ नाही. कडेची कापणी इतकी आत गेलीय की दोन अहवालांतल्या ओळींची शेवटची अक्षरं उडालीत. त्यामुळे बांधीव खंड मिळाला की काम झालं असं नाही, त्याच वर्षाची सुटी प्रत शोधायचीच.

सुटी प्रत कुठे? प्राचार्यांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात. तिथे नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणारी) समिती येणार म्हटल्यावर अंक मांडले जातात आणि समिती गेली की तिथेच राहतात. निवृत्त प्राध्यापकांच्या माळ्यावर. निवृत्त हेडक्लार्कच्या घरी, जिथे सगळं व्यवस्थित कापडात बांधलेलं असतं. आणि शिपाईमामांकडे. हे गमतीने म्हणत नाही. आमच्या कॉलेजचा सगळ्यात पहिला अंक मिळाला तो शिपाईमामांकडे. त्यात कर्मचाऱ्यांच्या फोटोखाली सगळ्यांची नावं आडनावासकट आणि त्यांचं नुसतं 'बाबू' असं छापलेलं होतं. तरी त्यांनी तो साठ वर्षं जपला होता.

ज्या प्रेसने अंक छापला, त्याचं नाव अंकाच्या पहिल्या किंवा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. प्रेस अजून चालू असेल तर तिथे नमुना प्रत असण्याची शक्यता असते. शहरातली जुनी सार्वजनिक ग्रंथालयंही सोडू नका: पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं आहे, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. तुमच्या गावच्या वाचनालयात कॉलेजने भेट दिलेले अंक कपाटाच्या वरच्या फळीवर असू शकतात. शेवटचा मार्ग रद्दीवाल्याचा. त्याला कॉलेजचं बोधचिन्ह छापून द्या आणि 'असं काही आलं तर किलोच्या दुप्पट भावाने घेतो' असं सांगून ठेवा. आम्हाला अशा चार प्रती मिळाल्या, त्यातल्या दोन आमच्याच ग्रंथालयाचा शिक्का असलेल्या होत्या.

उसन्या प्रतीचं एक पथ्य: घेताना वहीत सही करून द्या, परतीची तारीख लिहा आणि त्या तारखेच्या आधी परत करा. गावात बातमी पसरते. वेळेवर परत करणाऱ्याला दुसऱ्या माळ्याचा पत्ता आपोआप मिळतो.

मुखपृष्ठ नसलेल्या अंकाचं वर्ष ओळखणं

या कामातला हा सगळ्यात मजेचा भाग. मुखपृष्ठ गेलंय, संपादकीयाखाली तारीख नाही, आणि हातात नव्वद पिवळी पानं आहेत. अशा वेळी मी या क्रमाने बघतो.

आधी विद्यापीठाचं नाव. कोल्हापूर, सांगली, सातारा भागातल्या कॉलेजच्या अंकात पुणे विद्यापीठाच्या निकालाचा उल्लेख असेल तर अंक शिवाजी विद्यापीठ स्थापन होण्याच्या, म्हणजे १९६२ च्या आसपासचा किंवा आधीचा. मराठवाड्यात १९५८ ला स्वतःचं विद्यापीठ आलं. त्याआधी संबंध हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी. त्याच विद्यापीठाच्या नावात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९९४ मध्ये आले. गोव्यातल्या कॉलेजांच्या अंकांत १९८५ पर्यंत मुंबई विद्यापीठ दिसतं, मग गोवा विद्यापीठ.

मग वर्गांची नावं. लेखकाच्या नावाखाली 'इंटर आर्ट्स', 'प्री-डिग्री' असं काही असेल तर अंक १०+२+३ च्या (दहावी, बारावी, मग तीन वर्षांची पदवी) आधीचा. आपल्याकडे नव्या पद्धतीची पहिली दहावी मार्च १९७५ मध्ये बसली, त्यामुळे कॉलेजच्या अंकात 'अकरावी कला' असा विद्यार्थी दिसला की तो १९७५-७६ किंवा नंतरचा. एनसीसी असेल तर १९४८ नंतरचा, त्याआधी यू.टी.सी. किंवा यू.ओ.टी.सी. (विद्यापीठाचं लष्करी प्रशिक्षण पथक) असायचं. एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) अहवाल असेल तर १९६९ नंतरचा.

मग जाहिराती, ज्या बाइंडरने फाडल्या नसतील तर. दर आण्यांत असेल तर १९५७ च्या आसपासचा किंवा आधीचा, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, आणि लोकांच्या तोंडी व दुकानांत आणे त्यानंतरही काही वर्षं राहिले. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. आमच्या एका अंकात कापड दुकानाच्या जाहिरातीत 'फोन : ४७' एवढंच होतं. त्या दुकानाच्या सध्याच्या मालकांना विचारलं, तर फोन कधी तीन आकडी झाला हे त्यांना नीट आठवत होतं, कारण त्या वर्षी त्यांचं लग्न झालं होतं.

मग निधीच्या याद्या. पानशेतचं धरण फुटलं १२ जुलै १९६१ ला, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा, किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा. मुलांनी डबे फिरवून गोळा केलेल्या मदतीची नोंद अहवालात हमखास असते, आणि ती नोंद वर्ष जवळजवळ खिळा ठोकून देते. १९७२ च्या दुष्काळाचंही तसंच.

शेवटी शुद्धलेखन. 'नांव', 'कांहीं', 'झालें', 'मुलांनीं' असे अनुस्वार भरभरून असतील तर अंक साहित्य महामंडळाच्या नियमांआधीचा असण्याचा संभव. चौदा नियम १९६२ चे, आणखी चार १९७२ चे. पण यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका. जुन्या वळणाचे प्राध्यापक १९७० नंतरही अनुस्वार सोडायला तयार नसत आणि मुद्रितं तेच तपासत. 'अि, अु, अे' अशी बाराखडी दिसली तर ती सावरकरी लिपिसुधारणेची. म्हणजे संपादक कुठल्या मताचे होते तेही कळलं.

निदान दोन खुणा जुळल्याशिवाय वर्ष पक्कं करू नका. तोवर तक्त्यात पेन्सिलने.

स्कॅन करताना

अंक आधी उन्हात टाकू नका. कागद आणखी कडक होतो. सावलीत, पंख्याखाली एक दिवस उघडा ठेवा, मऊ ब्रशने धूळ झाडा. कसर लागलेला अंक बाकीच्यांपासून लांब. गंजलेल्या पिना ओढून काढायच्या नाहीत; पान उलटं करून पिनेचे पाय नखाने किंवा बोथट सुरीने उघडायचे, मग पाठीकडून काढायची. जागी पांढरा दोरा घाला. सेलोटेप कुठेही लावू नका. पंधरा-वीस वर्षांत तो तपकिरी होतो आणि खालची अक्षरं घेऊन सुटतो. लॅमिनेशनचा विचार तर मनातही आणू नका.

सपाट स्कॅनर असेल तर उत्तम. मजकुराला ३०० डीपीआय (दर इंचाला ठिपके) पुरतं, फोटोंच्या पानांना ६०० घ्या. सगळं रंगीत घ्या, काळं-पांढरं छापलेलं असलं तरी. पिवळ्या कागदावरची फिकट शाई रंगीत स्कॅनमध्ये जास्त वाचता येते. साडेसात बाय दहा इंचांचं एक पान ३०० डीपीआयला न दाबता साठवलं तर सुमारे २० एमबी होतं. १२० पानी अंक म्हणजे जवळपास अडीच जीबी, चाळीस अंक म्हणजे १०० जीबी. आकडा मोठा वाटतो, पण आज तेवढी हार्डडिस्क म्हणजे काहीच नाही. न दाबलेली मूळ टिफ फाइल ठेवा आणि वाटायला हलकी पीडीएफ वेगळी करा.

स्कॅनर नसेल तर फोन चालतो, पण फोन स्टँडवर आडवा बांधून, दिवसाच्या उजेडात, खिडकीशेजारी. हातात धरून काढलेले फोटो पहिल्या वीस पानांपर्यंत ठीक येतात, मग हात भरतो. जाड बांधीव खंड पूर्ण उघडू नका, पाठ तडकते. नव्वद अंशांत उघडून दोन बाजूंना उशा द्या आणि आधी सगळी उजवी पानं, मग सगळी डावी घ्या.

पानांचे आकडे हा मोठा सापळा आहे. कित्येक अंकांत मराठी, हिंदी, इंग्रजी विभागांना स्वतंत्र क्रमांक असतात, म्हणजे एकाच अंकात पान १२ तीनदा येतं. त्यात आर्ट पेपरवरच्या फोटोंच्या पानांना क्रमांकच नसतो. म्हणून फाइलचं नाव छापील आकड्यावरून देऊ नका. सरळ मोजत जा: '१९६७-६८_००१' म्हणजे मुखपृष्ठ, '००२' त्याची आतली बाजू. कोरं पानही घ्या. फाइलींची नावं त्याच दिवशी बदला. आम्ही 'उद्या करू' म्हणून दोन अंक तसेच ठेवले आणि १९७१-७२ व १९७२-७३ ची पानं अशी मिसळली की दुष्काळी कामाच्या अहवालानंतर थेट बांगलादेशच्या युद्धाची कविता आली.

तीन प्रती ठेवा: एक कॉलेजात, एक तुमच्याकडे, एक इंटरनेटवरच्या साठ्यात. कॉलेजच्या एकाच संगणकावर ठेवलेलं काहीही संगणक फॉरमॅट करणाऱ्या माणसाच्या हाती असतं.

सूची

मजकूर शोधता यावा म्हणून ओसीआर करा, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं संगणकाकडून वाचून घ्या. त्यासाठीचं टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याला मराठी येतं. खिळे जुळवून छापलेल्या जुन्या पानांवर चुका बऱ्याच होतात, जोडाक्षरं तुटतात, अनुस्वार धुळीत जमा होतात किंवा धूळच अनुस्वार होते. तरी शोधायला पुरेसं मिळतं. ओसीआरने काढलेला मजकूर 'सुधारून' नव्या शुद्धलेखनात आणू नका. 'नांव' ते 'नांव'च राहू द्या.

पण खरी कामाची गोष्ट हाताने केलेली नावांची सूची. एक्सेलमध्ये रकाने: नाव, वर्ग, वर्ष, पान, कशाबद्दल. इथे एक अडचण आपल्या समाजातली आहे. 'कु.' लावून छापलेली मुलगी आज वेगळ्या आडनावाची आहे, आणि जुन्या पिढीत तर लग्नात नावही बदललेलं. तेव्हा सासरचं नाव कळलं की सूचीत त्या ओळीपुढे जोडा, माहेरचं पुसू नका. आमच्या सूचीत पहिल्या दहा वर्षांतल्या ६३ मुलींपैकी ४१ जणींची आजची नावं मिळाली, ती बहुतेक सगळी एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी दोन दुपारी बसून सांगितली. त्यांच्याकडे यादी नव्हती. 'ही माझ्या मागच्या बाकावर बसायची, साताऱ्याला दिली' असं सांगत गेल्या.

समूहफोटोखालच्या ओळी जशाच्या तशा उतरवा: 'खुर्चीवर बसलेले', 'उभे, पहिली रांग', 'अनुपस्थित'. फोटोत नसलेल्या माणसाचं नाव फोटोखाली असणं ही एक माहितीच आहे.

परवानगीचं थोडक्यात

अंक कॉलेजने छापला म्हणून आतला लेख कॉलेजच्या मालकीचा होत नाही. विद्यार्थ्याने लिहिलेल्या कवितेचा हक्क, वेगळं लिहून दिलं नसेल तर, त्याचाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हा हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. जपण्यासाठी स्कॅन करणं वेगळं आणि सगळ्यांसाठी इंटरनेटवर टाकणं किंवा नव्या अंकात छापणं वेगळं. छापायचं असेल तर लेखकाला किंवा वारसांना विचारा; बहुतेक जण खूश होतात. एक बाई मात्र ठाम नाही म्हणाल्या, त्यांना विसाव्या वर्षीची ती प्रेमकविता नातवंडांनी वाचायला नको होती. आम्ही छापली नाही. फिशपाँडची पानंही जपून. तेव्हाचा विनोद आज कुणाच्या तरी जिव्हारी लागतो. आणि जुन्या अंकांत घरचे पत्ते, गुण, नापासांच्या याद्या असतात, त्या जाहीर करू नका.

आता नवा अंक

इथवर आलात की माजी विद्यार्थ्यांचा अंक अर्धा झालाच आहे, फक्त तो मागायची रीत बदलायला हवी. आम्ही आधी ग्रुपवर निरोप टाकला: 'आपल्या आठवणी ५०० शब्दांत पाठवा.' तेवीस लेख आले. एकोणीस 'कॉलेजचे ते मंतरलेले दिवस' या शब्दांनी किंवा त्याच्या सख्ख्या भावांनी सुरू होत होते. सगळ्यांत एक कडक सर, एक प्रेमळ बाई आणि कँटीनचा वडा.

मग सूची कामाला आली. ज्याचं नाव ज्या पानावर आहे त्याला त्या पानाचा फोटो पाठवला आणि एकच प्रश्न विचारला. उदाहरणार्थ १९७३-७४ च्या अहवालातली एक ओळ: 'या वर्षी सहल अपरिहार्य कारणास्तव रद्द करण्यात आली.' त्या वर्षीच्या सहलप्रमुखांना विचारलं, अपरिहार्य कारण काय? चार पानी लेख आला. डिझेल मिळालं नव्हतं, एसटीने गाडी नाकारली, मुलं चालत निघाली आणि दुसऱ्या तालुक्यात पोलिसांनी मोर्चा समजून अडवली. हे 'आठवणी पाठवा' म्हणून कधीच आलं नसतं. ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांना फोन करून बोलतं करा, रेकॉर्ड करा आणि त्यांच्याच बोलीत उतरवा. कोल्हापूरच्या माणसाला पुण्याचं बोलायला लावू नका.

संपादन करताना लांबी कापा, पण घरगुती तपशील राहू द्या. सत्काराच्या बातम्या, परदेशातल्या मुलांचे पगार, 'आज मी जो काही आहे तो' हे सगळं बिनदिक्कत जाऊ द्या.

पैसे जाहिरातींतूनच येतात. इथे जुन्या पानांचा उपयोग असा झाला: १९६८ च्या अंकातल्या जाहिरातदारांची यादी काढली. त्यातली सात दुकानं अजून होती, बहुतेक तिसऱ्या पिढीकडे. आजोबांची जाहिरात आणि नातवाची जाहिरात समोरासमोर छापू असं सांगितलं. सातही जणांनी पूर्ण पान घेतलं, एकाने मलपृष्ठ मागितलं. संघाची नोंदणी झालेली नसेल तर पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात घेऊ नका. आधी संस्था नोंदणी कायदा १८६० खाली नोंदणी, मग खातं, मग पावतीपुस्तक. या क्रमात उलटसुलट झालं की पुढची दोन वर्षं वार्षिक सभेत तेवढंच चालतं.

छपाईचं गणित सोपं आहे. फॉर्म, म्हणजे छापून घडी घातलेला एक मोठा कागद, बहुधा १६ पानांचा असतो, म्हणून एकूण पानं १६ च्या किंवा निदान ८ च्या पटीत बसवा. ९८ पानांचा मजकूर असेल तर दोन पानं कापून ९६ करणं शहाणपणाचं. प्रती मोजताना नोंदवलेले सभासद, जाहिरातदार, लेखक, भेट प्रती अशी बेरीज करा आणि वर फारतर दहा टक्के. आमच्या आधीच्या समितीने हौसेने हजार प्रती काढल्या होत्या, त्यातल्या चारशे अजून स्टाफरूमच्या कपाटावर आहेत.

डीटीपीवाल्याला मजकूर द्यायच्या आधी तो कुठल्या फाँटमध्ये काम करतो ते विचारा. श्रीलिपी, आयएसएम, आकृती यांच्या जुन्या फाँटमधला मजकूर आणि आजचा युनिकोड मजकूर यांची जात वेगळी. रूपांतर करताना रफार आणि पहिली वेलांटी हमखास उड्या मारतात. रूपांतरानंतर एक मुद्रित पुन्हा अथपासून इतिपर्यंत वाचा, आधी वाचलेलं असलं तरी. नावांचं मुद्रित वेगळं काढून त्या त्या माणसाला पाठवा. लेखातली चूक लोक माफ करतात, आडनावातली नाही. आणि छपाई झाल्यावर छापखान्याकडून पीडीएफ आणि मूळ फाइल दोन्ही मागून घ्या, बिल द्यायच्या आधी.

वाटपाच्या दिवशी भाषणं उरकली की पाच प्रती बाजूला काढा. एक गावच्या सार्वजनिक वाचनालयाला, एक विद्यापीठाच्या ग्रंथालयाला, एक प्रेसच्या नमुन्याला, दोन कॉलेजच्या ग्रंथालयाला. कॉलेजच्या दोन्ही प्रती ग्रंथपालांच्या हातात द्या, टेबलावर ठेवून येऊ नका. दाखल नोंदवहीत क्रमांक पडेपर्यंत तिथेच बसा. आणि पहिल्या कोऱ्या पानावर ठळक अक्षरात लिहून ठेवा: 'बांधणी करताना मुखपृष्ठ व जाहिराती काढू नयेत.'